दहा अंकी कॅल्क्युलेटरची परीक्षा, भास्कराचार्यांच्या दहा अंकी संख्येवर

सांगलीत अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवणाऱ्याला दर जूनमध्ये पालक हमखास विचारतात, की सायंटिफिक कॅल्क्युलेटर कोणता घ्यावा. उत्तर देताना बहुतेक जण त्रिकोणमिती, लॉग आणि सांख्यिकीची बटणे किती आहेत ते सांगतात, आणि पूर्ण संख्यांच्या बाबतीत ते यंत्र किती विश्वासाचे आहे याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. माझ्या मते तीच खरी कसोटी आहे. त्रिकोणमितीच्या उत्तरात नवव्या दशांशस्थळी फरक पडला तरी काही बिघडत नाही. पूर्ण संख्येचे मात्र तसे नसते. एखादी संख्या मूळ असते किंवा नसते, आणि दोन संख्यांची वजाबाकी १ येते की ० येते यावर सगळे गणित उभे राहते किंवा कोसळते. म्हणून हरभट रोडवरील शालेय साहित्याच्या एका दुकानातून वर्गासाठी घेतलेल्या कॅल्क्युलेटरचे हे परीक्षण मी प्रामुख्याने एकाच मोठ्या संख्येच्या आधारे लिहीत आहे.

ती संख्या १,७६,६३,१९,०४९, म्हणजे एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. एका संख्येच्या वर्गातून दुसऱ्या संख्येच्या वर्गाची ६१ पट वजा केली असता नेमका १ उरावा, अशा दोन पूर्ण संख्या शोधण्याचे उदाहरण भास्कराचार्यांनी ११५० साली चक्रवाल पद्धतीने, म्हणजे एकच कृती चक्रासारखी पुन्हापुन्हा करत उत्तराकडे जाण्याच्या रीतीने, सोडवून दाखवले. दुसरी संख्या शून्य घेण्याची पळवाट सोडली, तर त्याचे सर्वांत लहान उत्तर म्हणजे पहिली संख्या १,७६,६३,१९,०४९ आणि दुसरी २२,६१,५३,९८०. १६५७ साली फ्रान्समधील फर्मा यांनी हेच ६१ चे कोडे समकालीन गणितज्ञांपुढे ठेवले, तेव्हा भास्कराचार्यांचे उत्तर लिहून पाच शतके उलटून गेली होती. परीक्षेसाठी ही संख्या निवडण्याचे आणखी एक साधे कारण असे, की ती बरोबर दहा अंकी आहे आणि या यंत्राचा पडदाही दहाच अंकांचा आहे. त्यामुळे यंत्राची पूर्ण ताकद आणि पूर्ण मर्यादा या दोन्ही तिच्यावर दिसतात.

अवयव पाडण्याचे काम या यंत्रात 'फॅक्ट' या सोयीने होते. संख्या टंकून बरोबरचे बटण दाबायचे, नंतर शिफ्ट आणि फॅक्ट दाबायचे, की क्षणभरात मूळ अवयव पडद्यावर येतात. आमच्या संख्येसाठी यंत्र ११×५९×(२७२१६०१) असे उत्तर देते. त्यातला ११ तर यंत्राशिवायही सापडतो, कारण एकाआड एक अंक घेतले तर १+६+३+९+४ आणि ७+६+१+०+९ या दोन्ही बेरजा २३ येतात आणि त्यांतील फरक शून्य असतो. ५९ मात्र हाताने शोधायला वेळ लागला असता, आणि तेवढ्यापुरते हे बटण निश्चितच उपयोगाचे आहे.

खरा प्रश्न त्या कंसाचा आहे. वर्गात मिरजेहून येणाऱ्या एका मुलीने पडद्याकडे पाहून विचारले, "सर, कंसातली संख्या मूळ आहे म्हणून कंस दिलाय का?" हा समज अनेकांचा असतो, आणि तो चुकीचा आहे. यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे ते तीन अंकांपर्यंतच्या मूळ अवयवांनीच भाग देऊन पाहते आणि त्यापुढे जे उरते ते कंसात ठेवते. म्हणजे कंसाचा अर्थ "ही मूळ संख्या आहे" असा नसून "यापुढे मी तपासलेले नाही" असा आहे. हा फरक ज्या विद्यार्थ्याला कळला नाही त्याच्या हातात हे बटण धोक्याचे आहे, आणि माहितीपत्रकातील ती ओळ इतक्या बारीक अक्षरांत व केवळ इंग्रजीत छापलेली आहे, की ती वाचणारा विद्यार्थी विरळाच.

त्याच यंत्राने कंस फोडताही येतो, आणि मला या उपकरणाचा सर्वांत आवडलेला भाग तोच आहे. फर्मा यांची रीत अशी, की दिलेल्या विषम संख्येच्या वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्ण संख्येपासून सुरुवात करावी, तिच्या वर्गातून दिलेली संख्या वजा करावी, आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते पाहावे; नसेल तर एकाने पुढे जावे. २७,२१,६०१ चे वर्गमूळ १,६४९ च्या किंचित पुढे असल्यामुळे सुरुवात १,६५० पासून होते. यंत्राच्या टेबल मोडमध्ये वर्गातून २७,२१,६०१ वजा करून वर्गमूळ काढण्याचे सूत्र भरले, आरंभ १,६५० आणि पायरी १ ठेवली, की एकाखाली एक उत्तरे येतात. १,६५० ला ८९९ उरतात, त्यांचे वर्गमूळ २९.९८ येते. १,६५१ ला ६४.८०, पुढे ८६.६१, मग १०३.९६, मग ११८.८०, असे दशांश अपूर्णांक येत जातात. १,६५५ च्या ओळीत मात्र एकदम १३२ हा स्वच्छ पूर्णांक दिसतो. १,६५५ चा वर्ग २७,३९,०२५, त्यातून २७,२१,६०१ गेले की १७,४२४ उरतात, आणि तो १३२ चा वर्ग आहे. म्हणून कंसातील संख्या १,६५५ वजा १३२ आणि १,६५५ अधिक १३२ यांचा, म्हणजे १,५२३ आणि १,७८७ यांचा गुणाकार ठरते. या दोन्हींची वर्गमूळे ४३ च्या खाली असल्याने ४१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिला की त्या मूळ असल्याची खात्री होते. सहाव्या ओळीत उत्तर मिळण्याचे कारण हे दोन अवयव एकमेकांच्या जवळ आहेत. दर वेळी फर्मांची रीत इतकी उदार नसते, हे मुलांना सांगणे भाग आहे.

याउलट, तोच कंस खरोखरच्या मूळ संख्येभोवतीही पडतो. फर्मा यांचा असा विश्वास होता, की २ चा घातांक स्वतः २ चा घात असेल आणि त्यात १ मिळवला, तर येणारी संख्या नेहमी मूळ असते. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ येथपर्यंत ते खरे आहे. पुढची संख्या ४,२९,४९,६७,२९७ हीदेखील दहा अंकी, आणि ऑयलर यांनी १७३२ मध्ये ती ६४१ ने भागली जाते हे दाखवून तो विश्वास मोडीत काढला. आमचे यंत्र या संख्येसाठी ६४१×(६७००४१७) दाखवते. येथे कंसातील संख्या मूळ आहे, पण यंत्राला ते ठाऊक नाही. ६७,००,४१७ चे वर्गमूळ साधारण २,५८८ येते आणि तितक्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देणे कंटाळवाणे आहे. परंतु या संख्येचा कोणताही मूळ अवयव १२८ च्या पटीत १ मिळवूनच आलेला असला पाहिजे, हा नियम लावला की तपासण्यासाठी फक्त २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ या मूळ संख्या उरतात. त्यांनी भागल्यावर अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ बाकी राहते. एकही भाग पूर्ण जात नाही, म्हणून संख्या मूळ. बाकी दाखवणारे स्वतंत्र बटण या यंत्रात नाही, ही मोठी उणीव आहे. भागाकारातील पूर्णांक भाग लक्षात ठेवून, त्याला परत गुणून, भागलेल्या संख्येतून वजा करावे लागते. २,१४,७४,८३,६४७ या संख्येच्या बाबतीत तर यंत्र संपूर्ण संख्याच कंसात घालून परत देते. ती मूळ असल्याचे ऑयलर यांनी १७७२ मध्ये दाखवले.

परत आपल्या संख्येकडे येऊ. ११, ५९, १,५२३ आणि १,७८७ हे चार अवयव हाती आले, की तिचे वर्गीकरण सरसर होते. चारही अवयव एकदाच येतात, त्यामुळे १ वगळता कोणत्याही पूर्ण वर्गाने ती भागली जात नाही. प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, असे दोन-दोन पर्याय चार वेळा मिळत असल्याने विभाजक सोळा होतात. सर्व विभाजकांची बेरीज १२×६०×१,५२४×१,७८८, म्हणजे १,९६,१९,३६,६४० येते, आणि हा गुणाकार पडद्यावर पूर्ण मावतो. त्यातून संख्या स्वतः वजा केली तर १९,५६,१७,५९१ उरतात, जे आपल्या संख्येपेक्षा फार कमी आहेत. म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच येणाऱ्या परिपूर्ण संख्यांच्या, अर्थात ६ किंवा २८ यांच्या गोत्रात ती बसत नाही, तिच्या विभाजकांची बेरीज तोकडी पडते.

मला अधिक मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. संख्येला ४ ने भागले तर बाकी १ उरते, आणि अशी संख्या दोन वर्गांच्या बेरजेने लिहिता येईल असे विद्यार्थ्यांना लगेच वाटते. ५, १३, १७ यांच्यासारख्या मूळ संख्यांना ते लागू पडते. येथे ते लागू पडत नाही, कारण चारही मूळ अवयवांना ४ ने भागल्यावर ३ उरतात आणि ते एकेकदाच आलेले आहेत. इतकेच नव्हे, तर चारही अवयवांना २४ ने भागून पाहावे: ११ तर ११ च, ५९ मधून ४८ गेले की ११, १,५२३ मधून १,५१२ गेले की ११, आणि १,७८७ मधून १,७७६ गेले की पुन्हा ११. बाहेरून अस्ताव्यस्त दिसणाऱ्या दहा अंकांच्या आत एवढी शिस्त असावी, हे मुलांना दाखवताना मला आजही आनंद होतो. कंसाबाहेर राहिलेल्या ११ आणि ५९ यांचा गुणाकार ६४९ येतो, आणि भास्कराचार्यांच्याच समीकरणात ६१ च्या जागी १३ घेतले तर सर्वांत लहान उत्तर हेच ६४९ असते: त्याचा वर्ग ४,२१,२०१, आणि १८० च्या वर्गाची १३ पट ४,२१,२००.

देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या वर्गीकरणातही ही संख्या तपासून पाहावी. अंकांची बेरीज ४६ आहे आणि संख्या विषम आहे, तेव्हा ती ४६ ने भागली जाणे शक्य नाही आणि ती हर्षद, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागली जाणारी, संख्या नाही. स्वयंभू, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून न येणारी, संख्याही ती नाही, कारण तिला जनक आहे: १,७६,६३,१९,००८ च्या अंकांची बेरीज ४१, आणि ती त्याच संख्येत मिळवली की १,७६,६३,१९,०४९ मिळते. हे काम यंत्र करून देत नाही, डोक्यानेच करावे लागते.

आता या यंत्राचा सर्वांत गंभीर दोष. ज्या गुणासाठी ही संख्या प्रसिद्ध आहे तोच गुण यंत्रावर सरळ तपासायला गेले, तर यंत्र चुकीचे उत्तर देते. १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग टंकला की ३.११९८८२९८३ गुणिले १० चा १८ वा घात असे दिसते. २२,६१,५३,९८० च्या वर्गाची ६१ पट टंकली तरी अक्षरशः तेच दिसते. दोन्हींची वजाबाकी एकाच ओळीत केली, की पडद्यावर ० येतो. खरा वर्ग ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१ असा एकोणीस अंकी आहे आणि दुसऱ्या बाजूला शेवटी ४०१ ऐवजी ४०० आहेत. यंत्राचा आतला हिशोब पंधरा अंकांपर्यंतच चालत असल्याने ज्या शेवटच्या अंकात सगळा फरक आहे तो अंक त्याच्यापाशी पोहोचतच नाही. या शून्याबरोबर कोणतीही सूचना, कोणतेही चिन्ह येत नाही. अवयव पाडताना निदान कंस तरी दिसतो. येथे अज्ञान आणि उत्तर यांत फरक करणारी एकही खूण नाही, आणि माझ्या दृष्टीने हे अधिक वाईट आहे. शून्य खरे मानले तर ६१ चे वर्गमूळ अपूर्णांकात नेमके लिहिता येते असा निष्कर्ष निघेल, जो सर्वस्वी खोटा आहे.

यातून मार्ग आहे, आणि तो भास्कराचार्यांच्याच पायऱ्यांनी जातो. ८ च्या वर्गातून ६१ वजा केले तर ३ उरतात; तेथून चक्राची एक फेरी केली की ३९ आणि ५ ही जोडी मिळते, जिच्यात १,५२१ मधून १,५२५ वजा होऊन −४ येतो. पुढे ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली सांगितलेली भावना, म्हणजे दोन उत्तरांच्या संयोगातून तिसरे उत्तर काढण्याची रीत वापरली, की २९,७१८ आणि ३,८०५ ही जोडी येते. या जोडीचे सर्व आकडे दहा अंकांच्या आत आहेत, त्यामुळे यंत्र येथे पूर्णपणे विश्वासाचे ठरते. २९,७१८ चा वर्ग ८८,३१,५९,५२४, ३,८०५ च्या वर्गाची ६१ पट ८८,३१,५९,५२५, वजाबाकी −१. आता या जोडीची स्वतःशीच भावना करायची. दोन्ही वर्गराशींची बेरीज केली तर ८८,३१,५९,५२४ अधिक ८८,३१,५९,५२५, म्हणजे बरोबर १,७६,६३,१९,०४९ मिळते, आणि २९,७१८ व ३,८०५ यांच्या गुणाकाराची दुप्पट २२,६१,५३,९८० येते. भावनेत वजाबाक्यांचाही गुणाकार होतो, आणि −१ गुणिले −१ म्हणजे १. ज्या यंत्राने थेट विचारल्यावर ० सांगितले होते, त्याच यंत्रावर केवळ दहा अंकी हिशोब करून १ ची सिद्धता पूर्ण झाली. त्यातच संख्या ही २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट अधिक १ आहे हेही दिसले, आणि अशा रूपाच्या संख्येचा मूळ अवयव ८ ने भागल्यास १ किंवा ३ च बाकी ठेवतो. अवयव शोधताना हे आधी माहीत असते, तर निम्म्याहून अधिक भागाकार वाचतात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. बटणे मऊ आणि खात्रीची आहेत, सौरपट्टीबरोबर बॅटरीही असल्याने पावसाळी अंधारात वर्गात अडत नाही, आणि मसावि-लसाविची वेगळी सोय आहे, ती उत्तम चालते. पडद्यावर मोठ्या संख्येचे अंक सलग चिकटून येतात, लाख-कोटींचे स्वल्पविराम नाहीत. दहा अंकी संख्या टंकताना एखादा ६ जास्त पडला तर तो चटकन लक्षात येत नाही. दुकानदाराने बिल आणि हमीपत्रावर शिक्का न मागता दिला आणि घेण्यापूर्वी काउंटरवर हवे तेवढे तपासू दिले, याबद्दल त्यांचे आभार.

किंमत दीड हजाराच्या आत आहे आणि त्या किमतीत मी हे यंत्र घेण्याची शिफारस करतो, विशेषतः टेबल मोडसाठी. घेण्यापूर्वी दुकानातच १७६६३१९०४९ टंकून अवयव पाडून पाहावेत. कंसाशिवाय चारही अवयव दिसले तर ते प्रारूप माझ्यापेक्षा पुढचे आहे आणि थोडे पैसे जास्त पडले तरी तेच घ्यावे. ११×५९×(२७२१६०१) दिसले तर वर लिहिलेल्या मर्यादा समजून घ्याव्यात. आणि फॅक्टची सोयच नसेल तर निदान गणिताच्या विद्यार्थ्याने तो कॅल्क्युलेटर घेऊ नये.

६१ च्या जागी १०९ घेतले तर मात्र हे यंत्र अपुरे आहे. तेथील सर्वांत लहान उत्तरातील पहिली संख्या १५,८०,७०,६७,१९,८६,२४९ अशी पंधरा अंकी आहे, आणि मधली −१ देणारी पायरीही चौदा अंकी वर्गांची असल्याने पडद्यात मावत नाही. २६१ आणि २५ या जोडीपर्यंत, म्हणजे ६८,१२१ मधून ६८,१२५ वजा होऊन −४ येईपर्यंत ते सोबत करते. त्यापुढचा गुणाकार कागदावर, अंकांचे तुकडे पाडून करावा लागतो, आणि बारावीच्या मुलांना मी तो यंत्र बाजूला ठेवून वहीतच करायला दिला आहे.